नागअळीची माशी: तिची शरीररचना व तिच्या खाद्य वनस्पति

टोमॅटोच्या, काकडीच्या किंवा चवळीच्या पानावर जणूं कोणीं पांढऱ्या शाईनें वेडीवांकडी रेघ ओढली आहे, असें दृश्य आमच्या बहुतेक वाचकांच्या पाहण्यांत आलेलें आहे. ही रेघ एका टोंकाशीं दोऱ्यासारखी बारीक असते, वळणें घेत घेत रुंद होत जाते आणि शेवटीं एकाएकीं संपते. सापाच्या चालीशीं असलेल्या या साम्यामुळें आपल्याकडील शेतकरी या किडीस नागअळी म्हणतात. रेघ दिसली कीं फवारणीचा पंप पाठीवर घ्यावयाचा, असा प्रघात आतां गांवोगांव पडला आहे. फवारणी होते, आठ-दहा दिवस जातात आणि नव्या पानांवर पुन्हां रेघा उमटतात. मग औषध बदलून दुसरी फवारणी, व तीही फुकट गेल्यावर तिसरी. असा प्रसंग आम्हीं एकाहून अधिक मळ्यांत पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळीं दोष औषधाला तरी दिला जातो किंवा नशिबाला तरी.

आमच्या मतें खरा दोष निराळाच आहे. ज्या प्राण्याशीं आपण झगडतों त्याचें शरीर कसें घडलें आहे, तो पानाच्या कोणत्या थरांत राहतो, केव्हां बाहेर पडतो आणि कोणकोणत्या झाडांवर वाढतो, हें पाहिल्यावांचूनच आपण त्याच्यावर तुटून पडतों. या किड्याची शरीररचना नीट समजून घेतली, तर फवारणी केव्हां व्यर्थ, केव्हां हानिकारक आणि केव्हां आवश्यक, हें शेतकऱ्यास एका साध्या भिंगाच्या साहाय्यानें स्वतःच ठरवितां येतें. त्यासाठींच प्रस्तुत लेखांत या माशीच्या शरीराचा व तिच्या खाद्य वनस्पतींचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुळ आणि मूळ

नागअळी ही पतंगाच्या जातीची अळी नव्हे. ती एका इवल्याशा माशीची बाल्यावस्था होय. ही माशी द्विपंखी कीटकांच्या वर्गांत ॲग्रोमायझिडी नांवाच्या कुळांत मोडते. या कुळांतील सुमारें तीन हजार जातींचें वर्णन आजवर झालेलें आहे, आणि त्यांच्या अळ्या जिवंत वनस्पतींच्या आंत शिरून त्यांच्या पेशी खाऊन वाढतात. सोयाबीनचें खोड पोखरणारी खोडमाशी आणि तुरीच्या शेंगेंतील दाणा खाणारी शेंगमाशी, हे आपल्या ओळखीचे दोन्ही शत्रु याच घराण्यांतले. कोणी खोडांत शिरते, कोणी शेंगेंत. आपली नागअळी पानांत शिरते, इतकाच फरक.

आपल्या भाजीपाल्यावर व फुलझाडांवर जी जाति विशेष आढळते तिचें शास्त्रीय नांव लिरिओमायझा ट्रायफोली असें आहे. १८८० सालीं अमेरिकेंत बर्जेस यानें तिचें प्रथम वर्णन केलें. ती पांढऱ्या क्लोव्हर नांवाच्या घासाच्या पानांतून मिळाली होती, आणि क्लोव्हरचें लॅटिन नांव ट्रायफोलियम, म्हणून माशीसही तेंच नांव चिकटलें. आपल्याकडील बरसीम घास हा याच क्लोव्हरचा भाऊबंद होय. पुढें बरींच वर्षें ही माशी अमेरिका खंडाबाहेर फारशी कोणास ठाऊक नव्हती. १९७० नंतरच्या दशकांत शेवंतीच्या लागवडीच्या छाटांबरोबर ती फ्लोरिडांतून आफ्रिकेंतील केनियांत आणि युरोपांत जाऊन पोंचली. पानाच्या आंत दडलेलीं अंडीं व कोवळ्या अळ्या वरवर पाहणाऱ्याच्या डोळ्यांस दिसत नाहींत, हेंच तिच्या प्रवासाचें रहस्य. भारतांत ती १९९० च्या सुमारास हैदराबादच्या बाजूस एरंडीच्या पिकावर प्रथम लक्षांत आली, आणि थोड्याच वर्षांत दक्षिणेंतील व महाराष्ट्रांतील भाजीपाल्याच्या मळ्यांतून तिनें आपलें बस्तान बसविलें.

माशीचें शरीर

पूर्ण वाढलेली माशी १.३ ते २.३ मिलिमीटर लांब असते. म्हणजे ती घरांतील माशीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी भरते. सकाळच्या वेळीं टोमॅटोच्या पानावर बारीक काळी-पिवळी चिलटें बसलेलीं दिसतात, तींच ही. भिंगांतून पाहिलें असतां तिचें डोकें पिवळें दिसतें व डोळ्यांच्या मागची कडाही पिवळीच असते. पाठीचा रंग करडा-काळा असून त्यास चकाकी नसते. पाठीच्या मागील टोंकास एक ठळक पिवळा ठिपका असतो. मांड्याही पिवळ्या असतात. सॅटायव्ही नांवाची तिची एक जवळची बहीण आहे. तिची पाठ तुळतुळीत काळी व डोळ्यांमागचा भाग काळसर असतो. तथापि या वंशांतील जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात कीं, खात्रीची ओळख पटविण्यास शास्त्रज्ञांस नराचें जननेंद्रिय सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तपासावें लागतें.

इतर सर्व माश्यांप्रमाणें हिलाही दोनच पंख असतात, आणि त्यांच्या मागें तोल सांभाळणाऱ्या दोन लहान दांड्या असतात. नराच्या मागल्या मांडीवर एक कठीण कंगोरा आणि पोटाच्या बाजूस कानशीसारखी खरखरीत पट्टी असते. या दोहोंच्या घर्षणानें तो सूक्ष्म नाद काढतो. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा अवयव म्हटला म्हणजे मादीच्या पोटाचें टोंक. तिच्या पोटाचा सातवा भाग काळ्या, कठीण नळीसारखा झालेला असतो, आणि त्या नळींतून दांतेरी अंडनलिका बाहेर येते. या हत्यारानें मादी पानाची वरची त्वचा फोडून आंत भोंक पाडते, मग वळून त्या जागीं तोंड लावते आणि पाझरणारा रस चाटते. नरास असें हत्यार नाहीं. तो मादीनें पाडलेल्या भोंकांवरच आपली भूक भागवितो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पानावर जे पांढरे बारीक ठिपके दिसतात ते सर्व अंड्यांचे नव्हेत. बहुतेक भोंकें केवळ खाण्यासाठीं पाडलेलीं असतात, व या जातींत शंभर भोंकांपैकीं सुमारें पंधरांतच जिवंत अंडें सांपडतें. खाण्याचें भोंक रुंद व पसरट, तर अंड्याचें भोंक त्याहून लहान व गोल असतें. म्हणून ठिपके मोजून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. मात्र रोपें दोन पानांची असतांना भोंकांनींच पान चाळणीसारखें झालें, तर रोप सुकूं शकतें. ती गोष्ट वेगळी.

अंडें पारदर्शक पांढुरकें असून पाव मिलिमीटरच्या आसपास लांब असतें. तें त्वचेच्या खालीं घातलेलें असल्यामुळें पाऊस, ऊन व औषध यांपासून सुरक्षित राहतें. हवेच्या उष्णतेप्रमाणें दोन ते पांच दिवसांत तें फुटतें. अनुकूल हवा व आवडतें झाड मिळाल्यास एक मादी आपल्या आयुष्यांत दोनशें ते चारशें अंडीं घालते.

अळीचें शरीर व पानाचे थर

अळीची रचना कळण्यास आधीं पानाची रचना ध्यानांत आणली पाहिजे. पान पातळ दिसलें तरी त्यास थर असतात. वर एक पारदर्शक त्वचा, खालीं तशीच दुसरी त्वचा, आणि या दोहोंच्या मध्यें हिरव्या पेशींचा गर. या गरापैकीं वरच्या थरांतील पेशी खांबांप्रमाणें उभ्या व दाटीनें रचलेल्या असतात. खालच्या थरांतील पेशी विरळ व पोकळ्या ठेवून असतात. झाडाचें अन्न तयार होण्याचें मुख्य काम वरच्या उभ्या पेशींत चालतें, आणि नागअळी नेमका हाच थर खाते. वरची त्वचा तिचें छप्पर बनते. गर नाहींसा झाल्यामुळें त्या जागीं हवा शिरते व रेघ पांढरी दिसते.

अशा अरुंद भुयारांत राहणाऱ्या प्राण्यास पायांचा काय उपयोग? म्हणून अळीला पाय नाहींत, डोळे नाहींत, कठीण डोकेंही नाहीं. पूर्ण वाढलेली अळी सुमारें तीन मिलिमीटर, म्हणजे तिळाच्या दाण्याएवढी लांब होते. प्रथम ती रंगहीन असते, पुढें पिवळी व शेवटीं नारिंगी-पिवळी होते. पुढच्या टोंकास एक काळा ठिपका त्वचेंतून दिसतो. तो तिच्या तोंडांतील काळ्या, कठीण आंकड्यांचा सांगाडा होय. अळी कुशीवर पडून हे आंकडे विळ्याप्रमाणें एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरविते, आणि गवत कापणारा मनुष्य जसा पुढें सरकत जातो तशी पेशी कापीत, त्यांचा रस गिळीत पुढें जाते. मागल्या टोंकास दोन श्वासरंध्रांचे उंचवटे असतात व प्रत्येकावर तीन छिद्रें असतात. जाति ओळखण्यास हीही एक खूण आहे.

अळी तीन वेळां वाढीच्या निरनिराळ्या अवस्थांतून खात जाते व प्रत्येक वेळीं कात टाकून मोठी होते. तिच्याबरोबर भुयारही रुंद होतें. एकंदर खाण्यापैकीं बहुतेक सर्व खाणें तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेंत होतें. हवा उबदार असल्यास अळीचें सारें आयुष्य चार ते सात दिवसांचें. याचा अर्थ असा कीं, रुंद पांढरी रेघ दुरून डोळ्यांत भरेपर्यंत त्या पानाचें जें नुकसान व्हावयाचें तें होऊन चुकलेलें असतें, आणि अळी पुष्कळदां निघूनही गेलेली असते. रिकाम्या घरावर काठी आपटून चोर सांपडत नाहीं, तशीच जुन्या रेघांवर केलेली फवारणी होय.

पूर्ण वाढ झाली कीं अळी बहुधा पहाटेच्या सुमारास भुयाराच्या शेवटास त्वचेंत अर्धचंद्राकृति चीर पाडते, बाहेर येते आणि जमिनीवर पडून मातींत शिरते. तेथें तिची कातडी आखडून कठीण होते व तिचा कोश बनतो. हा कोश लांबट, सोनेरी-तपकिरी, तिळाहून लहान असतो. उबदार हवेंत एक ते दोन आठवड्यांत कोशांतील माशी आपल्या कपाळांतून एक फुगा बाहेर काढून कोशाचें झांकण उघडते व उडून जाते. म्हणजे पानावर फवारलेलें औषध या कोशावस्थेपर्यंत पोंचतच नाहीं, आणि फवारणीनंतर आठ-दहा दिवसांनीं नव्या माश्या कोठून आल्या याचें उत्तर शेतकऱ्याच्या पायाखालच्या मातींतच असतें.

तिच्यासारख्या दिसणाऱ्या किडी

पानावरील प्रत्येक रेघ या माशीचीच असते असें मात्र नाहीं. वाटाण्यावर व मोहरीवर थंडीच्या दिवसांत ज्या रेघा दिसतात त्या बहुधा क्रोमॅटोमाया हॉर्टिकोला नांवाच्या दुसऱ्या माशीच्या असतात. ती याच कुळांतील खरी, पण तिची अळी जमिनीवर पडत नाहीं; पानांतील भुयारांतच ती कोश करते. त्यामुळें तसलीं पानें खुडून जाळलीं तर कोशही नष्ट होतात. पाथरीसारख्या तणावर ही माशी मोठ्या प्रमाणांत पोसली जाते.

संत्रा, मोसंबी व लिंबू यांच्या कोवळ्या पालवीवरील चंदेरी रेघांसही आपले बागाईतदार नागअळीच म्हणतात. परंतु ती एका सूक्ष्म पतंगाची अळी असून, तिच्या विष्ठेची काळी रेघ भुयाराच्या मधोमध सरळ गेलेली असते. आपल्या माशीच्या भुयारांत विष्ठा आळीपाळीनें दोन्ही कडांस पडलेली दिसते. भुईमुगाचीं पानें पोखरणारी अळीही पतंगाचीच. ती पुढें पानें दुमडून चिकटविते.

टोमॅटोच्या बाबतींत तर हा भेद ओळखणें अत्यंत अगत्याचें आहे. टूटा ॲब्सोल्यूटा नांवाचा दक्षिण अमेरिकेंतील पतंग भारतांत प्रथम २०१४ सालीं महाराष्ट्रांत, पुण्याच्या परिसरांत आढळला. त्याची अळीही पान पोखरते. परंतु तिचें भुयार रेघेसारखें न राहतां फोडासारखें पसरट होतें, तिला स्पष्ट डोकें व पाय असतात, आणि ती फळांतही शिरते. नागअळी फळास कधींही शिवत नाहीं. दोहोंस एकच समजून उपाय करणाऱ्याचा खर्च दोन्हीकडून वायां जातो.

खाद्य वनस्पति

ॲग्रोमायझिडी कुळांतील बहुतेक जाती खाण्याच्या बाबतींत मोठ्या सोंवळ्या आहेत. एखादी जाति एकाच वनस्पतीवर, फार तर तिच्या जवळच्या भाऊबंदांवर जगते. तें झाड नसेल तर ती उपाशी मरते. सर्व प्रकारचें खाणाऱ्या जाती अगदीं मोजक्या आहेत, व आपली माशी त्यांपैकीं एक आहे. पंचवीसहून अधिक वनस्पति-कुळांतील झाडांवर तिची नोंद झालेली आहे. तिचा उपद्रव इतका पसरण्याचें हेंच मूळ कारण आहे.

तिची विशेष आवड सूर्यफुलाच्या कुळावर. शेवंती, झेंडू, ॲस्टर, जरबेरा व सूर्यफूल हीं त्यांतलीं आपल्याकडील मुख्य झाडें. वांग्याच्या कुळांत टोमॅटो, बटाटा व वांगें. शेंगांच्या कुळांत चवळी, घेवडा, मेथी व लसूणघास. वेलांपैकीं काकडी, दोडका, घोसाळें, दुधी भोपळा, खरबूज व कलिंगड. कापसाच्या कुळांत कापूस व भेंडी. यांशिवाय एरंडी व पालक. अमेरिकेंत सेलरी नांवाच्या भाजीचें तिनें मोठें नुकसान केलेलें आहे. ज्वारी-बाजरी हीं मात्र तिचीं नेहमींचीं खाद्यें नव्हेत.

या यादीवरून आपल्या मळ्याची रचना कशी करावी हें सहज सुचतें. झेंडू किंवा शेवंती निघत आली असतां शेजारीं टोमॅटोचीं रोपें लावणें, अथवा जुन्या काकडीच्या वेलांशेजारीं नवीं चवळी पेरणें, म्हणजे माशीस ताटावरून ताटावर बसविणें होय. उलट ज्या शेतांत तिचा उपद्रव फार झाला तेथें पुढल्या हंगामांत ज्वारी किंवा बाजरी घेतली, तर मातींतून निघालेल्या माश्यांस जवळपास खाद्य उरत नाहीं. बांधावर वाढलेल्या सूर्यफूल-कुळांतील तणांकडेही लक्ष असावें. पीक निघाल्यावर वेल तसेच वाळत ठेवण्याची आपली संवय या माशीच्या फार पथ्यावर पडते.

झाडाच्या जातीइतकेंच त्याच्या पोषणासही महत्त्व आहे. पानांत नत्राचा अंश जसजसा वाढतो तसतशी मादी त्या पानावर अधिक खाते व अधिक अंडीं घालते, असें टोमॅटोवरील प्रयोगांत दिसून आलें आहे. युरियाचा हात सैल सोडून पीक काळेंभोर करणारा बागाईतदार या पाहुणीस आपण होऊन बोलावणें पाठवीत असतो.

माशीचे शत्रु

आतां आम्ही लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळतों. पानाच्या आंत राहिल्यामुळें अळी आमच्या औषधापासून बचावते, पण एका शत्रूपासून तिची सुटका नाहीं. हे शत्रु म्हणजे गांधीलमाश्यांच्या वर्गांतील, परंतु स्वतः नागअळीच्या माशीएवढेच लहान असे परोपजीवी कीटक. डायग्लिफस, हेमिप्टार्सेनस, निओक्रायसोकॅरिस, ओपियस अशीं त्यांच्या वंशांचीं नांवें आहेत. यांतील डायग्लिफसची मादी पानावरून चालत चालत भुयारांतील अळीचा माग काढते, त्वचेंतून नांगी खुपसून तिला निश्चेष्ट करते आणि तिच्या शेजारीं आपलें अंडें ठेवते. अंड्यांतून निघालेलें पोर त्या अळीवर वाढतें व भुयारांतच कोशावस्थेंत जातें. पानाच्या दोन त्वचा आपल्या अंगावर दबूं नयेत म्हणून तें विष्ठेचे लहान काळे खांब उभारून ठेवतें. ओपियस मात्र अळीच्या शरीरांत अंडें घालते व तिच्या कोशांतून माशीऐवजीं स्वतःच बाहेर पडते. युरोपांतील कांचगृहांतून डायग्लिफस कीटक विकत घेऊन सोडण्याची पद्धति रूढ झालेली आहे. आपल्या उघड्या मळ्यांत मात्र असले मदतनीस फुकट येतात. त्यांस आपण न मारलें म्हणजे झालें.

आणि नेमकें येथेंच आपण चुकतों. सरसकट सर्व कीटकांस मारणारें औषध पानावर पडलें कीं, आंतली अळी सुरक्षित राहते, मातींतला कोशही सुरक्षित राहतो, आणि पानाच्या पृष्ठभागावर शोध घेत फिरणारा तिचा शत्रु मात्र पहिल्या दिवशींच मरतो. कॅलिफोर्नियांत ओटमन व केनेडी यांनीं टोमॅटोवर मेथोमिल या औषधाचे प्रयोग करून १९७६ सालीं जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते या बाबतींत डोळे उघडणारे आहेत. औषध मारलेल्या भागांत सॅटायव्ही जातीची नागअळी कमी न होतां वाढली. कारण तिचे परोपजीवी शत्रु मारले गेले होते. दुसरी आपत्ति अशी कीं, आपली माशी औषधांस लवकर सरावते. फ्लोरिडांतील बागाईतदारांस एकामागून एक आलेलीं औषधें दोन-तीन वर्षांतच निकामी झाल्याचा कटु अनुभव आलेला आहे. म्हणून ज्यास आपण उपाय समजतों तोच पुष्कळदां रोगाचें कारण असतो.

रेघ वाचण्याची रीत

फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वीं शेतकऱ्यानें पुढील परीक्षा अवश्य करावी. शेताच्या निरनिराळ्या भागांतून, झाडाच्या मधल्या उंचीवरील रेघा असलेलीं कांहीं पानें तोडावीं व एकेक पान सूर्याकडे धरून भिंगानें पाहावें. रेघेच्या रुंद टोंकास अर्धचंद्राकृति चीर असेल, तर अळी निघून गेली. पिवळी, टवटवीत अळी हलतांना दिसली, तर ती जिवंत आहे. अळी तपकिरी, लुळी व निश्चल असेल, तिच्या शेजारीं दुसरें लहान पोर किंवा काळे खांब दिसतील, अथवा रेघ रुंद होण्याआधींच मध्येंच संपली असेल, तर तेथें आपल्या मित्रांनीं काम केलें असण्याचा संभव फार आहे.

याहून खात्रीची परीक्षा म्हणजे बाटलीची. अळ्या असलेलीं पानें एका रुंद तोंडाच्या कांचेच्या बरणींत, तळाशीं कोरडा कागद घालून ठेवावीं, तोंडास बारीक विणीचें फडकें बांधावें व बरणी सावलींत दोन-तीन आठवडे राहूं द्यावी. पुढें बरणींत जे कीटक निघतील ते मोजावे. दोन पंखांच्या, काळ्या-पिवळ्या त्या माश्या; चार पंखांचे, बारीक कंबरेचे, काळे किंवा हिरवट चकाकीचे ते आपले मित्र. मित्रांची संख्या माश्यांच्या बरोबरीची किंवा अधिक असेल, तर पंप घरांतच राहूं द्यावा. तसेंच झाडांखालीं पसरट थाळ्या रात्रीं मांडून सकाळीं त्यांत पडलेल्या अळ्या व कोश रोज मोजले, तर उपद्रव चढतो आहे कीं उतरतो आहे याचा अंदाज येतो.

कोठें सोसावें, कोठें झुंजावें

सर्व पिकांस एकच नियम लागू करतां येत नाहीं. टोमॅटो, वांगीं, काकडी यांचें आपण फळ विकतों. खालच्या जुन्या पानांवरील थोड्या रेघांनीं उत्पन्नांत घट येत नाहीं, म्हणून तेथें धीर धरणें हेंच शहाणपण. मेथी व पालक यांचें पानच बाजारांत जातें, आणि रेघाळलेली जुडी ग्राहक हातांत घेत नाहीं. तेथें सहनशक्ति थोडीच ठेवावी लागते. फुलांच्या दांड्या पानांसह विकल्या जातात, त्या शेवंतीचीही गोष्ट तीच. आणि वेलवर्गाचीं, एरंडीचीं व कापसाचीं रोपें दोन-चार पानांचीं असतांना झालेला हल्ला तर रोपाच्या जिवावर बेततो. त्या वयांत दुर्लक्ष करून चालत नाहीं.

उपाय सुरू करतांना पहिला क्रम मशागतीचा. रोपवाटिका बारीक जाळीखालीं वाढवावी. लावणीपूर्वीं प्रत्येक रोपाचीं खालचीं पानें पाहून रेघ असलेलीं खुडून टाकावीं; विकत घेतलेल्या रोपांच्या बाबतींत तर हें विसरूंच नये, कारण ही माशी जगभर रोपांबरोबरच हिंडली आहे. खुडलेलीं पानें बांधावर न फेंकतां पुरावीं किंवा जाळावीं. पीक संपतांच वेल उपटून कंपोस्टच्या खड्ड्यांत घालावे व जमीन खोल नांगरून कोश गाडून टाकावे. पिवळ्या रंगाकडे माश्या ओढल्या जातात, म्हणून चिकट द्रव्य लावलेले पिवळे पत्रे पिकाच्या उंचीवर लावल्यास त्यांची चाहूल लवकर लागते.

इतकें करूनही जिवंत अळ्या पुष्कळ व मित्र थोडे असें परीक्षेंत दिसलें, तर प्रथम पांच टक्के निंबोळी अर्क वापरावा. पांच किलो निंबोळीच्या गराची भरड रात्रभर पाण्यांत भिजवून, सकाळीं फडक्यांतून गाळून, पाणी घालून शंभर लिटर करावी, आणि द्रव पानास चिकटावा म्हणून थोडा साबण मिळवावा. निंबोळींतील कडू द्रव्य अळीच्या कात टाकण्याच्या क्रियेंत बिघाड करतें, व मित्रांची हानि सरसकट मारणाऱ्या औषधांपेक्षां पुष्कळच कमी होते. रासायनिक औषध घेणेंच भाग पडलें, तर पानाच्या आंत झिरपणारें व त्या पिकासाठीं मंजूर असलेलें असेंच घ्यावें, वेष्टनावरील प्रमाण व तोडणीपूर्वींचे प्रतीक्षेचे दिवस पाळावे, आणि एकाच वर्गाचें औषध लागोपाठ मारूं नये.

आमचें सांगणें थोडक्यांत इतकेंच आहे. पानावरची पांढरी रेघ ही नुकसानीची पावती असते. ती वसूल झालेल्या कराची असेल, तर आतां आरडाओरड करून तो कर परत मिळत नाहीं. ती रेघ वाचावयास शिकणें मात्र शेतकऱ्याच्या हातचें आहे. चार आण्याचें काम पाहण्यानें होत असतां त्यावर रुपयाचें औषध ओतूं नये, आणि ओतण्याआधीं एक पान सूर्याकडे धरून पाहावें, अशी आमच्या बागाईतदार बंधूंस आग्रहाची विनंति आहे.